गावात बेरोजगार फक्त अडीच टक्के? मग पारावर बसते ते कोण?

पांढरं_सोनं: काल ग्रुपवर एक पोस्ट फिरली. ‘2023-24 च्या सरकारी सर्वेक्षणात ग्रामीण बेरोजगारी फक्त 2.5 टक्के. विदर्भातले पोट्टे बेरोजगार नाहीत, आळशी आहेत.’ डोकंच सणकलं. अहो, त्या हिशेबात वर्षातून तीस दिवस काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. माझा पुतण्या बीएस्सी. बापाच्या वावरात फवारणी करतो, डवऱ्यामागे फिरतो, हाती दमडी नाही. तोही ‘स्वयंरोजगारात’! पाच एकरांत आधी दोघं राबायचे, आता चौघं. कापूस तेवढाच.

पुणे_रिटर्न: आकडा सोयीचा नसला की खोटा! 2017-18 ला याच सर्वेक्षणात देशाचा आकडा 6.1 आला, तेव्हा तुम्हीच नाचवत होता. आणि ‘आठवड्यात तासभर काम केलं की रोजगार’ असला नियम ठेवल्यावर दुसरं काय येणार?

पांढरं_सोनं: तासाचा नियम साप्ताहिक पद्धतीचा. 2.5 वार्षिक पद्धतीचा. शिकवायचं तर नीट वाचून या.

पुणे_रिटर्न: बरं गुरुजी. पद्धत तुमची, पगार आमचा.

वणीची_सून: बायकांचं कोणी बोलत नाही. पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 ला 23.3, 2023-24 ला 41.7. मधल्या काळात कोणती कंपनी उघडली आमच्या गावात? निंदण, वेचणी, ढोरांचं शेण सासूही करत होती. आता कुठं मोजलं.

वऱ्हाडी_ठोका: बेरोजगारी गेली खड्ड्यात, वेचाले माणूस भेटत नाई राजेहो! दहा-बारा रुपये किलोनं कोणी येत नाई. पहाटच्याले ऑटो घेऊन दुसऱ्या गावात बाया शोधत फिरतो. बोंडं फुटून लोंबते, अन् पोट्टे लायब्ररीत.

तलाठी_होणारच: काका, दिवसभर वाकून तीस-पस्तीस किलो वेचला तर किती होतात ते जोडा. तेही दोन महिने. पुढे काय खायचं? 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर. फी हजार रुपये. त्यात मीही होतो.

वऱ्हाडी_ठोका: मंग? वावर कोण करन? तुया बाप म्हतारा झाला म्हणजे?

तलाठी_होणारच: बापापर्यंत जायचं नाही. वावर केलं तर पोरगी कोण देते? स्वतःच्या पोरीसाठी स्थळ पाहताना तुम्ही वावरवाला पाहिला का? खरं सांगा.

वऱ्हाडी_ठोका: ...जावई नागपूरले कंपनीत हाय. त्याचा इथं काय संबंध?

वणीची_सून: 😂 काका गप्प. माझ्या भावाला तीन ठिकाणी नकार आला. ओलिताचं वावर आहे, तरी. पोरींनाही दोष देऊ नका, आम्ही पाहतो ना काय वाट्याला येतं ते.

पुणे_रिटर्न: विषय बेरोजगारी होता, वधूवर मेळावा नव्हे.

रोहयो_जुना: 1977 चा रोजगार हमी कायदा आपल्याच राज्याचा. पण कामाची मागणी तोंडी करता. लेखी द्या, तारखेची पावती घ्या. पावती असली की पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता मागता येतो. मागणी कागदावरच नाही तर वर काय दिसणार?

पांढरं_सोनं: आमच्याकडे पावती मागितली तर ‘साहेब मीटिंगला गेले’.

वऱ्हाडी_ठोका: उन्हाळ्यात काढा हमीची कामं, वेचणीच्या टायमाले नको. अन् तलाठी, येत्या रविवारी येतं का वेचाले? चौदा देतो.

तलाठी_होणारच: पंधरा. अन् ऑटो पाठवा.