१९७० ची शेव्हेल मालिबू, ३५० इंजिन: रस्त्यावर चालवायच्या गाडीला कोणता कॅम टाकू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) निवडायचा आहे आणि दोन आठवडे झाले तरी माझं काही ठरत नाहीये. जुन्या अमेरिकन गाड्यांवर स्वतः काम केलेले काही जण इथे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गाडी १९७० ची शेवरोले शेव्हेल मालिबू, दोन दारांची. इंजिन ३५० घनइंचाचं, मूळचं नाही. ब्लॉकवर मागे ३९७००१० हा कास्टिंग नंबर आहे, पण हेड ८८२ नंबरचे निघाले, म्हणजे १९७४ नंतरचे. चेंबर ७६ सीसीचे, पिस्टन सपाट आणि चार खाचांचे. कॉम्प्रेशनचा हिशोब ८.५ च्या आसपास येतो. ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड, ६०० सीएफएमचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर साधा कंपनीचा, डिफरन्शियलचं गुणोत्तर २.७३. टायर २६ इंची. पॉवर ब्रेक आहेत, पुढे डिस्क.

झालं असं, की एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली तर टॅपेट (म्हणजे लिफ्टर, कॅमवर टेकून पुशरॉड वर ढकलणारा तुकडा) वाजत होतं. ॲडजस्ट केलं, दोन दिवसांनी पुन्हा टकटक. मग ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून फट्‌कन उलटा बार यायला लागला. व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेज लावलं. बाकी सगळे एक्झॉस्टचे पुशरॉड ०.२७० इंचाच्या आसपास वर येत होते, पाच नंबरचा जेमतेम ०.१४०. तो लिफ्टर बाहेर काढला. त्याचं बूड किंचित फुगीर असायला हवं, ते वाटीसारखं खोलगट झालेलं, कडेवरून नख फिरवलं तर अडकत होतं. ऑइल फिल्टर कापून उघडला, तर कागदाच्या घड्यांमध्ये चंदेरी चुरा बसलेला. तीन वर्षं मी यात आजच्या गाड्यांचं साधं ऑइल घालत होतो. त्यात झिंक कमी असतं आणि सपाट लिफ्टरच्या कॅमला तेच वाचवतं, हे मला आता कळलं. फार वाईट वाटलं.

आता कॅम बदलायचाच आहे, तर कोणता?

आत्ताचा कॅम कंपनीचा जुना ९२९ असावा. त्याचं ०.०५० इंचावरचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, इनटेक/एक्झॉस्ट) १९५/२०२, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती इंच उघडतो) ०.३९०/०.४१०. अतिशय गरीब कॅम. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत:

समिट कंपनीचा ११०३: २१४/२२४, लिफ्ट ०.४४२/०.४६५, लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर, अंशांत) ११२.
कॉम्प कॅम्स कंपनीचा एक्सई २६२: २१८/२२४, ०.४६२/०.४६९, सेपरेशन ११०.
त्यांचाच एक्सई २६८: २२४/२३०, ०.४७७/०.४८०, सेपरेशन ११०.

खरं सांगायचं तर मन २६८ वर आहे. सिग्नलला उभ्या गाडीचं ते धडक-धडक करत डुलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जुन्या बुलेटच्या ठोक्यावर जीव टाकणाऱ्यांना तर नाहीच नाही. पण ही गाडी मी आणि बायको दोघंही चालवतो. शनिवारी भाजीला जाते, मुलीला पोहायला सोडते, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला दिवसभर गोगलगाईसारखी चालते. ड्रॅग स्ट्रिपवर मी कधी नेलेली नाही आणि नेणारही नाही.

प्रश्न: ८.५ कॉम्प्रेशन आणि २.७३ वर २६८ चालेल का? इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पॉवर ब्रेकचं काय होईल? की सरळ रोलर कॅमवर (लिफ्टरच्या बुडाला चाक असलेल्या) जाऊ?

---

टोलेडोकर:

आधी एक आकडा बघा. ताशी ६५ मैलांना, २.७३ आणि २६ इंची टायरवर तुमचं इंजिन साधारण २३०० आरपीएमला फिरतं. गावात तर १५०० ते २००० मध्येच. म्हणजे तुमच्या गाडीचं नव्वद टक्के आयुष्य अशा ठिकाणी जातं जिथे २६८ नुकता डोळे चोळत असतो. कॉम्प कॅम्स स्वतःच त्याची रेंज १६०० पासून ५८०० सांगतात, २६२ ची १३०० पासून ५६००.

माझ्या १९६९ च्या शेवरोले नोव्हात हेच केलं होतं. ३५०, कॉम्प्रेशन तुमच्याइतकंच, डिफरन्शियल ३.०८, कन्व्हर्टर साधा, कॅम २६८. आवाज असा की शेजारी बाहेर यायचे. पण सिग्नल सुटला की गाडी आधी विचार करायची आणि मग निघायची. ड्राइव्हमध्ये ब्रेकवर उभी असताना आयडलचं व्हॅक्यूम १२ इंच (पाऱ्याचे). दोनदा लागोपाठ ब्रेक मारला की तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. एकदा उतारावर बायको चालवत होती, त्या दिवसानंतर मी तो कॅम काढला. पुढे २४०० आरपीएमला पकडणारा कन्व्हर्टर आणि ३.५५ चं डिफरन्शियल टाकले असते तर तोच कॅम छान चालला असता हे खरं, पण मग हायवेला ३००० आरपीएमची घरघर आली असती.

कॅम एकटा कधीच घेऊ नका. कन्व्हर्टर, डिफरन्शियल, कॉम्प्रेशन यांच्याशी त्याचं जमलं पाहिजे. तुम्ही बाकी काही बदलणार नसाल तर २६२ च्या पुढे जाऊ नका. व्हॅक्यूम आत्ता किती आहे ते मोजलंत का?

---

मुळशीकर:

मी पुण्यात इंजिनच्या व्हॉल्व्ह ट्रेनवरच (कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या भागांवर) काम करते, म्हणून थोडं कारण सांगते.

मोठ्या कॅमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर निघालेला असतो तरी व्हॉल्व्ह उघडा. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे ती तरीही आत घुसते आणि फायदा होतो. कमी आरपीएमला तोच पिस्टन भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॉम्प्रेशन आधीच ८.५, त्यात उरलेल्या हवेवरच दाब येणार, म्हणून खालचा टॉर्क जातो.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. जाहीर ड्युरेशनवरून काढलं तर २६२ ला ४६ अंश, २६८ ला ५४. तुम्हाला आवडतो तो आवाज याच ओव्हरलॅपमधून येतो आणि ब्रेकचं व्हॅक्यूमही इथेच खर्च होतं. एक घेतलं की दुसरं जातं. सेपरेशन ११२ घेतलं तर आयडल शांत होतं आणि व्हॅक्यूम सुधारतं.

पुढे कधी खर्च करायची तयारी असेल तर तो ६४ सीसीच्या हेडवर करा. त्याच पिस्टनवर कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास जाईल. त्या दिवशी २६८ चा प्रश्न परत विचारा, माझं उत्तर वेगळं असेल.

रोलरबद्दल: तुमचा ब्लॉक १९८७ च्या आधीचा, त्यामुळे पट्टीने जोडलेले रेट्रोफिट लिफ्टर, कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण, वेगळे पुशरॉड, स्प्रिंग आणि कॅमला चालेल असा डिस्ट्रिब्युटर गिअर हे सगळं लागेल. खर्च तिप्पट-चौपट. झिंकची काळजी मात्र कायमची मिटते. ऐपत असेल तर मी रोलरच घेईन.

आणि कृपया हे टाळू नका: ऑइल पॅन उतरवून धुवा. तो चंदेरी चुरा बेअरिंगकडे जातो.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. व्हॅक्यूम एका मित्राच्या इंजिनवर मोजलं (तेच ९२९ आणि तेच कार्ब्युरेटर, माझं तर आत्ता उघडंच आहे): १८ इंच. टोलेडोकर, तुमचा तो उताराचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "आवाज नको, ब्रेक हवेत." २६८ तिथेच संपला.

रोलरचे पैसे यंदा नाहीत. २६२ आणि ११०३ मध्ये अजून अडकलोय. हेडवर रिटेनर (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची टोपी) आणि गाइड सीलमधलं अंतर मोजलं, ०.५२० इंच भरलं. रॉकरचे स्टड दाबून बसवलेले आहेत, स्क्रूचे नाहीत.

---

टोलेडोकर:

लिफ्टपेक्षा ०.०५० तरी जास्त जागा हवी. २६२ ची एक्झॉस्ट लिफ्ट ०.४६९, म्हणजे तुम्ही अगदी काठावर. ११०३ ला ०.४६५, थोडीशी मोकळीक. दाबलेल्या स्टडवर कडक स्प्रिंग टाकल्या तर ते हळूहळू वर सरकतात, म्हणून कॅमसोबत सुचवलेल्या स्प्रिंगच घ्या, त्याहून कडक नकोत. तुमच्या वापराला मी ११०३ घेतला असता.

लिफ्टर सगळे नवेच. जुना एकही परत बसवू नका. स्टार्ट करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, सोळाही रॉकरवर ऑइल आलेलं दिसलं पाहिजे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, टायमिंग आधीच लावा, म्हणजे नुसता स्टार्टर मारत बसायची वेळ येणार नाही. इंजिन पेटलं की आयडलवर सोडू नका. लगेच २००० च्या वर न्या, २००० ते २५०० मध्ये खालीवर करत अर्धा तास. आत झिंकवालं ब्रेक-इन ऑइल.

---

धागाकर्ता (सात आठवड्यांनी):

११०३ टाकला. पॅनच्या तळाशी चुऱ्याची साय होती, बोटाला चकाकी लागत होती. मेन बेअरिंगचं एक कॅप उघडून पाहिलं, बारीक ओरखडे होते पण तांबं दिसलं नाही, म्हणून तसंच ठेवलं.

पहिल्या स्टार्टला ड्रायव्हरच्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर काढून ठेवलं होतं. ऑइल फेंडरभर उडालं, पण आठही पुशरॉड आपापल्या जागी गोल फिरताना दिसले. ते फिरतायत म्हणजे लिफ्टर फिरतायत. मग कव्हर बसवून दुसरी बाजू पाहिली, तीही तशीच.

आयडल ७५० ला, व्हॅक्यूम साडेपंधरा इंच. ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेक चार वेळा लागोपाठ दाबला, पेडल चारही वेळा मऊ. पाचशे मैलांनी फिल्टर पुन्हा कापला, घड्या स्वच्छ होत्या. सिग्नलला बारीकसा ठेका आहे, खिडकी उघडी असली तरच ऐकू येतो. बायको काल एकटी गाडी घेऊन गेली होती.