टीव्हीच्या आवाजासाठी अ‍ॅम्प आणि स्पीकर सुचवा, बजेट २५ हजार (साउंडबार नकोय)

खडकवासला_कट्टा
नमस्कार मंडळी. दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला, चित्र झकास आहे पण आवाज म्हणजे कोणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतंय असा. आई ७८ वर्षांची आहे, ती मालिका लावते तेव्हा व्हॉल्यूम ४० वर, मग जाहिरात लागली की आख्खा मजला दणाणतो आणि एवढं करून संवाद कळत नाहीतच, "काय म्हणाली रे ती?" सुरूच. म्हणून साधा स्टीरिओ अ‍ॅम्प आणि दोन स्पीकर घ्यायचा विचार आहे. हॉल १० बाय १६, टीव्ही भिंतीवर. बजेट २५, ओढूनताणून २७. साउंडबार बहिणीकडे ऐकला, नुसती धडधड, त्यामुळे नको. ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) नको, वायरींचं जंजाळ बायको घरात येऊ देणार नाही. आणि आईला दोन रिमोट जमत नाहीत. टीव्हीला आर्क (एचडीएमआय वायरीतून आवाज बाहेर देणारं) आणि ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या वायरीचं) अशी दोन्ही भोकं आहेत.

ठाणेकरीण
साउंडबार घ्या. आम्ही गेल्या वर्षी घेतला, एक वायर लावली की झालं काम. सासूबाई खूश.

खडकवासला_कट्टा
ताई, साउंडबार नको असं वर शीर्षकातच लिहिलंय हो.

जर्सीतला_भाऊ
माझं ऐकाल तर एकदाच काय तो खर्च करा. मी बेसमेंटमध्ये ५.२.४ केलंय, डेनॉनचा रिसीव्हर, सीलिंगमध्ये चार स्पीकर, दोन सबवूफर. हेलिकॉप्टरचा सीन लागला की पाहुणे वर बघतात. २५ हजार रुपयांत आमच्याकडे धड केबलीसुद्धा येत नाहीत.

ओहमशांती
भाऊ, त्यांच्या आईला हेलिकॉप्टर नाही, सुनेचं बोलणं ऐकायचंय.
धागाकर्ते, आधी फुकटातले उपाय करून बघा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, १०-१० वॅटचे, आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो, त्यात शब्द विरघळतात. शिवाय ५.१ च्या ट्रॅकमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात, टीव्ही ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबतो आणि कोंबताना बोलणं दबू शकतं. सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी असेल तर स्टीरिओ किंवा पीसीएम (साधा दोन चॅनेलचा आवाज) करा. टीव्हीत क्लिअर व्हॉइस असलं काही असेल तर चालू करा, नाइट मोड असेल तर जाहिरातींचा दणकाही कमी होतो.
आता एक रिमोट. ऑप्टिकलमधून बहुतेक टीव्हींचा आवाज एकाच पातळीवर बाहेर पडतो, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होत नाही, अ‍ॅम्पचा रिमोट वेगळा घ्यावा लागतो. आर्कमध्ये सीईसी (एका रिमोटने दुसरं उपकरण चालवायची सोय) चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटवर काम भागतं. म्हणून एचडीएमआय आर्क असलेला अ‍ॅम्प शोधा. विम अ‍ॅम्पला आहे, पण स्पीकर धरून बजेटबाहेर जाईल. यामाहाचा ए-एस३०१ उत्तम, पण त्याला ऑप्टिकलच आहे.

जुनंतेसोनं
हल्लीचे तळहाताएवढे क्लास डी (कमी वीज खाणारे, फारसे न तापणारे) अ‍ॅम्प म्हणजे खेळणी. माझ्याकडे वडिलांनी घेतलेला सोनोडाइन आहे, वजन इतकं की माळ्यावरून काढताना पाठ धरली, पण आजही लावला की गाणारा समोर बसल्यासारखा वाटतो. जुना बाजार बघा, १० हजारात रत्नं मिळतात.

ओहमशांती
रत्नं मिळतात आणि सोबत सुकलेले कपॅसिटरही मिळतात. कृहघ्या (कृपया हलके घ्या). क्लास डी खेळणं म्हणणाऱ्याने डोळे बांधून ऐकून दाखवावं.

जुनंतेसोनं
डोळे बांधून ऐकायला आम्ही आंधळी कोशिंबीर खेळत नाही. कान आहेत आम्हाला.

स्क्रूड्रायव्हर
अनुभवाचे बोल लिहितो. काहीही घ्या पण जोडताना घाई नको. मी रात्री साडेअकराला जेवण झाल्यावर स्पीकरच्या वायरी सोलल्या, बारीक तारांतली एक मोकळी राहिली ती लालवरून काळ्याला टेकली, चालू केल्यावर "टक" आणि जळक्या रबराचा वास. नवा अ‍ॅम्प, चार तास जुना. दुकानदाराने वास घेऊनच परत केला. तेव्हापासून तार पीळ देऊन, बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायची पिन) लावूनच. आणि ऑप्टिकल केबलच्या टोकाला बारीक पारदर्शक टोपी असते ती काढा, आमच्याकडे दोन दिवस टीव्हीला शिव्या देऊन झाल्या आणि टोपी तशीच होती.

मुलुंडचा_मिलिंद
अ‍ॅम्पच नको. पॉवर्ड स्पीकर घ्या, अ‍ॅम्प आतच असतो. माझे एडिफायरचे आर१२८०डीबी, ऑप्टिकल आहे, बजेटच्या निम्म्यात काम झालं. उरलेल्या पैशात मी केबल चांगली घेतली, तांब्याची, ऑक्सिजन फ्री, खूप फरक पडला.

स्क्रूड्रायव्हर
ऑप्टिकलमध्ये तांबं कुठून आलं?

मुलुंडचा_मिलिंद
दोन स्पीकरमधली हो. फरक पडतो म्हणजे पडतो.

ओहमशांती
पाच मीटरच्या आत साधी जाड तांब्याची वायर पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर मिळते.

जर्सीतला_भाऊ
वायरीने फरक पडतो, मीही घेतलीय. किंमत सांगितली तर बायको माझ्या आयडीचं लिखाण वाचते म्हणून सांगत नाही.

कानाची_डॉक्टरीण
विषयांतर वाटेल पण लिहिते. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं आणि स, श, फ, थ ही व्यंजनं नेमकी तिथेच असतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. व्हॉल्यूम वाढवला की त्यांना मुख्यतः खालचे सूरच मोठे ऐकू येतात. स्पीकर घ्याच, पण एकदा ऑडिओग्राम (कानाची ऐकण्याची तपासणी) करून घ्या. दुखत नाही, अर्ध्या तासात होतो.

ठाणेकरीण
+१. सासूबाईंचाही केला होता. आणि तरी साउंडबार घ्याच.

जुनंतेसोनं
हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज घुमणारच. सतरंजी घाला, जाड पडदे लावा. नव्या पिढीला हे कोणी सांगत नाही.

ओहमशांती
या एका मुद्द्यावर जुनंतेसोनं यांना अनुमोदन. तारीख लिहून ठेवा.

खडकवासला_कट्टा
तीन आठवड्यांनी अपडेट. उशीर झाला, माफी.
सेट टॉप बॉक्स स्टीरिओवर केला, फरक पडला पण थोडा. ऑडिओग्रामही केला, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं बरोबर निघालं, दोन्ही कानांना यंत्र सुचवलंय. आई म्हणते मला नीट ऐकू येतं, तुम्ही सगळे पुटपुटता. तो मुद्दा सध्या थंड्या बस्त्यात.
खरेदीचं असं झालं की ऑफिसातला एक जण बंगलोरला चालला होता, त्याचे टॉवर स्पीकर आणि यामाहाचा जुना अ‍ॅम्प दोन्ही मिळून २२ हजारात मिळाले. हो, टॉवर. कोणीच सुचवले नव्हते. पण बुकशेल्फ (छोटे, फळीवर ठेवायचे) घेतले असते तर स्टँड आले असते, हे स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि बायकोने एकावर लगेच मनीप्लांट ठेवला.
अ‍ॅम्पला आर्क नाही, ऑप्टिकलही नाही. मग टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून साधी वायर अ‍ॅम्पला दिली, सेटिंगमध्ये तो आउटपुट व्हेरिएबल करता येतो, त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. अ‍ॅम्पची चकती एका जागी ठेवलीय आणि आईने स्वतःची टिकली काढून तिथे खूण म्हणून चिकटवलीय. कोणी हलवली तर तिला लगेच कळतं. रोज सात वाजता देवापाशी दिवा लावते आणि मग अ‍ॅम्पचं बटण दाबते, त्याच फेरीत. आता व्हॉल्यूम १८ वर असतो. "काय म्हणाली रे ती?" दिवसातून दोनदा, आधी मोजत नव्हतो.
फक्त पुरुषांचा आवाज जरा घुमतो, मालिकेतला सासरा विहिरीतून बोलतो असं वाटतं.

ओहमशांती
हेडफोनच्या भोकातून दिलंत? एवढं लिहिलं त्याचं चीज झालं. असो. घुमतंय कारण टॉवर भिंतीला चिकटवले असणार. फूटभर पुढे ओढा. मागे भोक असेल तर त्यात मोज्याचा गोळा कोंबा, हसू नका, खरंच चालतं.

खडकवासला_कट्टा
फूटभर पुढे ओढले तर बाल्कनीचं दार उघडत नाही. मोजे कोंबलेत. सासरा विहिरीच्या काठापर्यंत आलाय.

जुनंतेसोनं
जुना यामाहा! सांगत होतो ना मी. मॉडेल कुठलं? कधी विकायचा झाला तर आधी मला विपु (विचारपूशीत निरोप) करा.

मुलुंडचा_मिलिंद
वायर कुठली वापरलीत?

खडकवासला_कट्टा
त्याच्याकडे होती तीच. इस्त्रीची असावी बहुतेक.

मुलुंडचा_मिलिंद
तरीच घुमतंय.