मत ठरवताना उमेदवारांची तुलना कशी केलीत? (अनुभव धागा)

गोरेगाव (सुरुवात)

4 जून 2024 रोजी आमच्या वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला तेव्हा रवींद्र वायकर यांना 4,52,644 आणि अमोल कीर्तिकर यांना 4,52,596 मते होती. फरक फक्त 48 मतांचा. आमच्या एकट्या इमारतीत त्याहून जास्त मतदार राहतात. मीही मत दिले होते, पण ते कशाच्या आधारावर दिले हे त्या रात्री स्वतःला विचारले, तेव्हा चिन्ह, घरातली जुनी सवय आणि रांगेत कानावर पडलेले बोलणे यांपलीकडे मला काही सांगता येईना, आणि ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून हा धागा. निवडणूक पालिकेची असो, विधानसभेची, लोकसभेची किंवा परदेशातल्या राष्ट्राध्यक्षपदाची. उमेदवारांच्या भूमिका समोरासमोर ठेवून आपण निर्णय कसा घेतला, हे कृपया सविस्तर लिहावे. मत कोणाला दिले ते लिहू नये, कसे ठरवले ते लिहावे.

मुलुंड

कॅलिफोर्नियात तीस वर्षे काढून, आईच्या आजारपणामुळे मी मुलुंडला परतलो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले असल्याने माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) आहे आणि इथे मतदानाचा हक्क नाही. मात्र परदेशात राहणाऱ्या नागरिकांसाठीचा अर्ज भरला की तिकडची मतपत्रिका मिळते. 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझ्या सर्वांत जवळचा प्रश्न एकच होता. माझा भाचा एच-1बी या कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर तिथे नोकरी करतो आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत आहे. ती रांग इतकी लांबण्याचे मुख्य कारण म्हणजे नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणपणे 7 टक्क्यांवर रोखलेला आहे.

मी वहीत दोन रकाने आखले: काय बोलले आणि काय केले. ट्रम्प यांनी जून 2024 मध्ये एका मुलाखतीत म्हटले होते की तिथल्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आपोआप ग्रीन कार्ड मिळायला हवे. पण याच ट्रम्प यांनी जून 2020 मध्ये एच-1बीवर नव्याने येणाऱ्यांना त्या वर्षअखेरपर्यंत बंदी घातली होती. त्यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांनी सिनेटर असताना 2019 मध्ये ही देशनिहाय मर्यादा काढून टाकणारे विधेयक एका रिपब्लिकन सिनेटरबरोबर मांडले होते. पण त्या उपराष्ट्राध्यक्ष असतानाच्या चार वर्षांतही मर्यादा होती तिथेच राहिली. दोन संध्याकाळी मी या दोन रकान्यांकडे पाहत बसलो आणि तुलना पुढे सरकेना.

मग लक्षात आले की ती मर्यादा कायद्याने घातलेली आहे आणि कायदा बदलणे काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात आहे. राष्ट्राध्यक्ष फार तर आग्रह धरू शकतात. तेव्हा मी तिसरा रकाना आखला: हातात काय आहे. या रकान्याने माझ्या प्रश्नांचा क्रमच बदलून टाकला. व्हिसाचे नियम, न्यायाधीशांच्या नेमणुका आणि आयात शुल्क या गोष्टी वर आल्या. सर्व आयातीवर 10 ते 20 टक्के शुल्क लावण्याचे ट्रम्प उघडपणे सांगत होते, 2018 मध्ये त्यांनी पोलादावर 25 आणि अॅल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलेही होते, आणि आयात शुल्काचे काही अधिकार त्या पदाकडे आहेत. ही घोषणा तिन्ही रकान्यांत बसत होती, म्हणून ती पटो वा न पटो, सर्वांत गांभीर्याने घ्यायची हे मी ठरवले.

भाच्याने फोनवर विचारले, "मामा, मग माझं काय?" त्याचे उत्तर त्याच मतपत्रिकेवर खाली छापलेल्या सिनेट आणि प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारांपाशी होते, आणि त्यांच्याविषयी मी तोवर एक ओळही वाचली नव्हती. मतपत्रिका आणखी चार दिवस टेबलावर ठेवली आणि ते वाचून काढले.

बोरीवली

मुलुंडकर काकांचा तिसरा रकाना मला जानेवारी 2026 च्या पालिका निवडणुकीत हवा होता. माझे ते पालिकेसाठीचे पहिलेच मतदान होते. प्रचारात लोकलच्या गर्दीवर जोरात बोलणारा उमेदवार मला आवडला होता, परंतु लोकल रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, नगरसेवकाच्या नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी देण्याचे वचन 2017 च्या पालिका निवडणुकीतले, पण संपूर्ण माफीसाठी राज्य सरकारच्या निर्णयाची 2022 पर्यंत वाट पाहावी लागली, हे बाबांनी दाखवून दिले.

लालबाग

आमची इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) आहे आणि पुनर्विकास अनेक वर्षे रखडलेला आहे. 2024 च्या विधानसभेच्या वेळी आम्ही मजल्यावरच्या बायकांनी ठरवले की दारात येईल त्या प्रत्येकाला तेच तीन प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे: बिल्डरने भाडे थकवले तर तुम्ही काय कराल, घराचे क्षेत्रफळ कोणत्या कागदावर लिहून मिळेल आणि म्हाडाकडे पाठपुरावा कोण करील. शब्द तेच ठेवल्यामुळे उत्तरांतला फरक लगेच कळला. एकाने "ताई, काळजी करू नका" म्हटले. दुसऱ्याने जुन्या धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाविषयीचे म्हाडा कायद्यातील कलम 79 अ समजावून सांगितले, आणि ते सांगताना तो दोनदा अडखळला, तरी सांगत राहिला.

नंतर आम्ही उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे काढली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती देणे उमेदवाराला बंधनकारक झाले, आणि ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आम्ही आकडा किती कोटींचा यापेक्षा उत्पन्न कुठून येते हे पाहिले. बांधकाम व्यवसायात भागीदारी असलेला उमेदवार भाडेकरूंची बाजू किती लावून धरील, हा प्रश्न आम्ही त्याच्या तोंडावरच विचारला. त्याने रागावून उत्तर दिले, पण दिले.

गिरगाव

राष्ट्रपतिपदासाठी आपण थेट मत देत नाही, ते खासदार आणि आमदार देतात; तरी 1969 साली आमच्या चाळीच्या गॅलरीत ती निवडणूक जणू आमचीच असल्यासारखी चर्चिली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. नीलम संजीव रेड्डी, व्ही. व्ही. गिरी आणि चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव वडिलांना देवासारखे. वडील बँकेत कारकून होते आणि त्यांचे सहकारी गिरींच्या बाजूचे, कारण 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींनी सही केली होती.

एका रविवारी वडिलांनी स्वतःचेच मत खोडून काढले. ते म्हणाले, "राजीनाम्याचा मान वेगळा, पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतो. सहीपूर्वी प्रश्न विचारील असा यांतला कोण, ते सांगा." त्यावर गॅलरीत बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी निवडून आले.

माहीम

मला थोडे वेगळे वाटते. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार किंवा आमदार पक्षाचा व्हिप (मतदानाबाबतचा आदेश) मोडून मत देऊ लागला तर पद गमावू शकतो, म्हणून त्याची वैयक्तिक भूमिका पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा जास्त मोलाची धरू नये. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला व्हिप लागू नाही, तो अपवाद.

गोरेगाव

मुलुंडकरांचे तीन रकाने मी माझ्या वहीत उतरवले होते; माहीमच्या लेखनानंतर चौथा रकाना पक्षासाठी आखला. जानेवारी 2026 मध्ये प्रभागातल्या सर्व उमेदवारांना आम्ही शेजारणींनीही लालबागप्रमाणे एकसारखेच तीन प्रश्न विचारले होते: नाल्याची सफाई, पाण्याचा दाब आणि शाळेजवळचा पदपथ. तिन्ही कामे पालिकेच्या हातातली आहेत. ज्यांनी तारीख सांगितली त्यांच्यापुढे तारीख लिहिली. ते पान फ्रिजच्या दारावर लावले आहे, आणि निवडून आलेल्या उमेदवाराने "पावसाळ्याआधी" असे सांगितलेल्या पदपथासमोर "काय केले" हा रकाना मी मोकळा ठेवला आहे.