मदत हवी आहे: सूर दुरुस्त केला की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) सपाट होतेय

घरी रेकॉर्ड केलेल्या एका गाण्यावर अडकलोय. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, गिटार आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर, दोन्ही 76 बीपीएमच्या (मिनिटाला 76 ठोके) क्लिकवर, आणि आवाजात गिटारचा आवाज अजिबात शिरलेला नाही. आवाजावर अजून रिव्हर्ब, कॉम्प्रेशन असा कुठलाच इफेक्ट नाही.

प्रॉब्लेम असा की लांब स्वर शेवटाकडे 20-25 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतात आणि काही ओळी 40 एक मिलिसेकंद उशिरा सुरू होतात. ऑटोमॅटिक पिच करेक्शन लावून बघितलं, स्केल बरोबर निवडलंय, पण करेक्शनचा वेग जास्त ठेवला की मींड पायऱ्या पायऱ्यांची ऐकू येते आणि कमी ठेवला की उतरलेला स्वर तसाच राहतो. मग हाताने एकेक स्वर ओढला तर त्यातलं कंपनच गेलं, गळा गायब झाल्यासारखं वाटतं. टायमिंगसाठी स्ट्रेच मार्कर (आवाजाचा तुकडा ताणायच्या किंवा आखडायच्या खुणा) टाकले तर 'स' आणि 'श' ओढले जाऊन फिस्कारल्यासारखे येतात, ते फार खटकतं.

पुन्हा गाणं शक्य नाही, गाणाऱ्या ताई आता उपलब्ध नाहीत, आणि हा एकच टेक आहे पण भाव इतका सुंदर लागलाय की तो टाकवत नाही.

तर मींड आणि कंपन तसंच ठेवून फक्त स्वराचा उतरलेला शेवट वर घ्यायचा तर स्वर नेमका कुठे तोडायचा? आणि आधी टायमिंग करायचं की सूर?