अनुभव सांगा: टर्की कशात भाजलीत?

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत आता टर्की होते. पण आपल्या कढया-पातेल्यांत १६ पाउंडांचा पक्षी मावत नाही. तुम्ही कोणतं भांडं घेतलंत, काय फसलं, काय जमलं ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

पहिल्या वर्षी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ ट्रे आणला; एकदा वापरायचा, टाकून द्यायचा. साडेतीन तासांनी ओव्हनमधून काढताना तो मधोमध वाकला, उकळती चरबी सांडली आणि माझं मनगट भाजलं. टर्की वाचली, ग्रेव्हीला मात्र थेंब उरला नाही. पुढच्या वर्षी जाड स्टीलचा रोस्टिंग पॅन घेतला: १६ बाय १३ इंच, कडा ३ इंच, दोन्हीकडे उभे मजबूत कान. कडा फार उंच असल्या तर खालचा भाग भाजत नाही, नुसता वाफवतो. घेण्याआधी ओव्हन आतून मोजा आणि पॅन मोजताना कानही धरा. चारी बाजूंनी दोनेक इंच हवा खेळायला हवी. ट्रेच वापरणार असाल तर खाली बेकिंग शीट ठेवा, उचलताना शीटलाच धरा.

— शिकागोजवळून
मी नॉनस्टिक पॅन घेतला आणि पस्तावलो. काळ्या तळावर रस जळतोय की नाही ते कळत नाही. आता स्टीलचा पॅन थेट दोन बर्नरवर ठेवतो, चरबीत मैदा परततो, स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओततो आणि लाकडी उलथन्याने तळ सोडवतो. सगळी चव त्या खरवडीत असते. आजी दुधाच्या पातेल्यातली खरवड आम्हा भावंडांत वाटून द्यायची; ग्रेव्ही ढवळताना दर वेळी ती आठवते.

— न्यू जर्सी
मी वेळेचं सांगते. १४ पाउंडांची गोठलेली टर्की बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढली. सकाळी आत बर्फच होता. मग थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाला पाणी बदललं. पाउंडाला अर्धा तास, म्हणजे सात तास! पाहुणे रात्री नऊला जेवले, त्यात दोन लहान मुलं होती, फार वाईट वाटलं. फ्रीजमध्ये ४-५ पाउंडांना एक दिवस लागतो, म्हणून आता रविवारीच खाली खोलगट भांडं ठेवून फ्रीजमध्ये ठेवते. आणि पोटातली काळीज-मानेची पिशवी आठवणीने काढा. कधी ती मानेकडच्या कातडीखालीही असते.

— ऑस्टिन
थर्मामीटर घ्याच. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ फॅरनहाइट. टर्कीत खोचून आलेल्या, मांस शिजलं की वर उडणाऱ्या प्लास्टिकच्या खुंटीवर विसंबलो तेव्हा छातीचं मांस पार कोरडं झालं होतं.

— सिएटल
आम्ही दोघंच, घर लहान, एवढा पॅन ठेवायला जागा नाही. म्हणून कात्रीने कणा काढून टर्की दाबून सपाट करते आणि बेकिंग शीटवर जाळी ठेवून भाजते. १२ पाउंडांची टर्की ४२५ अंश फॅरनहाइटवर दीड तासाच्या आसपास होते. आदल्या रात्री मीठ-मिरं-लसूण चोळून उघडीच फ्रीजमध्ये ठेवायची. पाकिटावर मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर मीठ अगदी हात राखून. एकदा तंदुरीसारखं दही लावलं, पण एवढ्या आचेवर ते करपलं.

— टोरंटो, मूळचा म्हापशाचा
आमच्या शेजारी नाताळला टर्की असायची. पोर्तुगीजमध्ये या पक्ष्याचं नाव ‘पेरू’, त्यामुळे लहानपणी माझा फार गोंधळ व्हायचा. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. यंदा पॅनला जाळी नव्हती, म्हणून तळाला कांदे, गाजरं, सेलरीचे जाड तुकडे पसरले आणि त्यावर टर्की ठेवली. टर्की कापेपर्यंत मुलांनी गाजरं संपवली होती.