लाकडी डेकचं ‘फिनिशिंग’: मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

कठीण लाकडाच्या डेकची (म्हणजे घराबाहेरच्या, फळ्यांच्या उघड्या ओट्याची) निगा कशी राखावी, यावर मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. पहिल्याच पानावर अडले. ‘डेक’चा डेकच ठेवला, त्याबद्दल मन खात नाही. पण ‘फिनिशिंग’? कोशात ‘परिष्करण’ सापडलं. ‘डेकचे परिष्करण करावे’ वाचून माणूस ब्रश शोधेल की व्याकरणाचं पुस्तक? ‘पॉलिश’ चालेल का? आणि ‘हार्डवुड’ला ‘कठीण लाकूड’ म्हणणं बरोबर आहे ना?

प्रतिसाद १

ताई, पॉलिश नको. पॉलिश म्हटलं की कपाट-पलंग डोळ्यांपुढे येतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने घोटत बसायचं ते काम. पाणी लागलं की पांढरं पडतं, उघड्यावर त्याचा काय टिकाव लागणार!

बाहेरच्या लाकडाला जे लावतात ते क्रियापदावरून ओळखावं. एक लाकडावर बसतं, दुसरं लाकडात मुरतं. वार्निश बसतं. लाकूड पाण्याने फुगतं, उन्हाने आटतं. वरचा पापुद्रा तेवढा ताण सोसत नाही. त्याला चिरा पडतात, चिरेतून पाणी आत शिरतं आणि पोपडे सुटतात. मग सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात. मी एकदा ‘चकाकी हवी’ या हट्टापायी वार्निश मारलं आणि दोन वर्षांत गुडघे टेकून खरवडत बसलो. तेल मुरतं. त्याचे पोपडे निघत नाहीत, ते नुसतं फिकं होत जातं. धुऊन, वाळवून पुन्हा एक हात दिला की झालं.

तेव्हा ‘फिनिशिंग’ सोडा, सरळ ‘तेल देणे’ लिहा. ‘कोट’ऐवजी ‘हात’. ‘तेलाचे दोन हात द्यावेत’ हे रंगकाम करणारा कुणीही समजेल.

प्रतिसाद २

‘हार्डवुड’बद्दल. हा वनस्पतिशास्त्रातला वर्ग आहे, कठीणपणाशी त्याचा संबंध कच्चाच. रुंद पानांच्या सपुष्प झाडांचं लाकूड ते हार्डवुड. खेळण्यातली विमानं करतात तो बाल्सा हार्डवुड आणि चिवट, टणक यू हे सूचिपर्णी झाड, म्हणून ते मात्र सॉफ्टवुड! म्हणून मी ‘कठीण लाकूड’ एकदाच लिहीन आणि पुढे सागवान, इपे (दक्षिण अमेरिकेतलं एक लाकूड) अशी नावंच घेईन. तेल देणाऱ्याला फरक पडतो तो घनतेने. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, इपे हजाराच्या पुढेमागे. इतक्या दाट लाकडात तेल फार शिरतच नाही.

प्रश्नकर्ती

‘हात’ घेतला! पण तेल मुरतं की जिरतं?

प्रतिसाद ३

छान प्रश्न. जिरतं ते दिसेनासं होतं: पाणी जमिनीत जिरतं, घमेंड जिरते. मुरतं ते आत राहून आपला गुण दाखवतं. ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ म्हणतो तेव्हा ते आत काहीतरी करतंय हीच शंका असते, आणि मुरलेला माणूस म्हणजे अनुभव अंगात भिनलेला माणूस. म्हणून तेल मुरतं. पाणी जिरतं, आणि डेकची परीक्षा त्यावरच. फळीवर चार थेंब शिंपडा. मोत्यासारखे उभे राहिले तर तेल शाबूत आहे. जिरून गडद डाग उमटला तर तेल द्यायची वेळ झाली.

प्रश्नकर्ती

वा. आणि ‘वेदरिंग’, म्हणजे ऊन-पावसाने लाकडाचं जे होतं ते? ‘अपक्षय’ लिहून खोडलं.

प्रतिसाद १

बरं केलंत. इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. लाकूड *करडं पडतं* ते उन्हाने: अतिनील किरण वरच्या थरातलं लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो. आतलं लाकूड धडधाकट असतं; कुणाला तो चंदेरी रंग आवडतोही. *काळे डाग* बहुतेकदा लोखंडी स्क्रूभोवती दिसतात. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की काळं होणारच, हिरडा आणि हिराकशीची शाई अशीच तर होते. ऑक्झॅलिक आम्लाने डाग निघतात, पण स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. *कुजणं* निराळं, ते बुरशीचं काम आणि त्याला लाकडात ओल टिकून राहावी लागते. या तिघांना मिळून ‘खराब होणे’ लिहिलंत तर वाचणारा चांगली फळी उखडून टाकेल.

प्रतिसाद ४

माझी एक शंका. तेल ‘वाळतं’ हे कानाला खटकतं. वाळतं ते पाणी ना?

प्रतिसाद ३

खटकतं खरं, पण शब्द योग्य आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उडून जात नाही, उलट वजन किंचित वाढतं. खोबरेल असं वाळत नाही, म्हणून ते या कामाचं नाही. या वाळण्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आतच कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पुस्तिकेत हे ठळक छापा: चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

प्रश्नकर्ती

छापते. आता हे बघा: ‘फळी ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. त्याहून बारीक कागदाने घोटू नये, नाहीतर तेल मुरत नाही. तेलाचा पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल काढून टाकावे.’ (पॉलिश नको म्हणता म्हणता पॉलिश पेपर आलाच!)

प्रतिसाद १

येऊ द्या, त्याचं नावच ते. फक्त ‘काढून टाकावे’ बदला. काढून टाकायचं म्हणजे कसं, खरवडून? ‘कापडाने निपटून घ्यावे’ लिहा. वर राहिलेलं तेल चिकट होतं आणि त्यावर पावलं उमटतात.

प्रश्नकर्ती

निपटून! हा शब्द आजीनंतर आजच ऐकला. घेतला.