मदत हवी आहे: जुन्या धाटणीच्या, घरी बांधलेल्या विमानाची चाकं ॲक्सलवर पक्की कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

डाव्या चाकाची पिन तुटली आणि चाक ॲक्सलवरून तीन बोटं बाहेर सरकलं. विमान जमिनीवरच होतं, वेग धावत्या माणसाइतका होता, पंखही अजून चढवलेले नाहीत, त्यामुळे निभावलं. पण हेच उतरताना झालं असतं तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून सगळं तपशिलात लिहितो, जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

विमान दोन आसनी, लाकडी सांगाड्याचं, डोक्यावर एकच पंख असलेलं. पीटनपोल एअर कँपर या घरी बांधायच्या जुन्या अमेरिकन विमानाच्या घराण्यातलं म्हणा. चाकांची मांडणी मात्र पहिल्या महायुद्धातल्या विमानांसारखी आहे: या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ नळी, ती दोन्हीकडच्या व्ही आकाराच्या पायांच्या खाचेत वर-खाली होते आणि रबरी दोराचे वेढे देऊन पायांना बांधलेली असते. ब्रेक नाहीत. अशा विमानाखाली जाड टायरची छोटी चाकं मला बघवत नाहीत, तारांचीच हवीत.

आता मापं. ॲक्सल ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद) नळीचा, बाहेरचा व्यास ३८ मिमी, जाडी ३ मिमी. रिम मोटरसायकलची, २१ इंची, ३६ स्पोकची. मोटरसायकलचा हब (चाकाचा मधला तुंबा) ३८ च्या ॲक्सलवर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून हब लेथवर नवा केला. लांबी १५० मिमी, दोन्ही टोकांना ४० मिमी लांबीचे पितळी नव्हे, ब्राँझचे बुश (ॲक्सलवर फिरणारी नळकांडी) दाबून बसवलेले. भरलेल्या विमानाचं वजन ४५० किलो धरलं आहे.

चाक अडवायला बाहेरच्या बाजूला साधा स्टीलचा वॉशर आणि त्याच्यापुढे ४ मिमीची स्प्लिट पिन, बैलगाडीच्या आखाला खीळ असते तशी. आतल्या बाजूला सध्या दोन तुकड्यांची, बोल्टनं आवळायची कॉलर आहे, पण ती तात्पुरती.

उघडून पाहिलं तेव्हा पिनेचा मधला तुकडा भोकात तसाच होता, दोन्ही टोकं गायब. वॉशर आतून आरशासारखा चकचकीत झालेला, आणि बाहेरच्या अंगाला पिनेनं कोरलेली बारीक गोल रेघ. बुशच्या तोंडावर ओरखडे. उजवीकडचा वॉशरही थोडा घासला आहे, पण पिन शाबूत आहे.

माझे प्रश्न असे:

बाहेरची पिन ६ मिमीची केली की भागेल, की पद्धतच चुकली आहे? आतल्या कॉलरऐवजी ॲक्सलवर कडं वेल्ड करावं, की आरपार बोल्ट घालावा? आणि बुश काढून बॉल बेअरिंग घालणं श्रेयस्कर आहे का?

*

प्रतिसाद १

पिनेच्या जाडीचा दोष नाही. तुमच्या वॉशरवरची ती गोल रेघच सगळं सांगते. वॉशर हबबरोबर फिरत होता. हब फिरताना वॉशरला ओढतो, वॉशर पिनेला ओढतो, आणि पिन बिचारी चाकाला बाहेर जाऊ न देण्यासाठी असते, फिरणं अडवण्यासाठी नसते. ६ मिमीची घातलीत तरी ती कातरली जाणारच, फक्त उशिरा. आणि उशिरा म्हणजे कदाचित पंख चढल्यावर.

वॉशर ॲक्सलला बांधा. ॲक्सलच्या टोकाला लांबीच्या दिशेनं ५ मिमी रुंदीची खाच पाडा आणि वॉशरच्या आतल्या कडेला त्या खाचेत बसणारा दात ठेवा. मोटारीच्या पुढच्या चाकात बेअरिंग आणि नट यांच्यामध्ये जिभेचा वॉशर असतो, तेच तत्त्व. म्हणजे घासाघीस हब आणि वॉशर यांच्यातच संपते, पुढे पिनेपर्यंत पोचत नाही. हब आणि हा स्टीलचा वॉशर यांच्यामध्ये ब्राँझची एक सैल चकती टाका, झिजली की बदलता येते.

टोकाला आटे पाडून नट लावायचा विचार कुणी सुचवेल, तर एक लक्षात ठेवा. डाव्या चाकाकडे बाहेरून बघितलं तर विमान पुढे जाताना ते घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे नेहमीच्या उजव्या आट्याचा नट सुटण्याच्या दिशेला. उजवीकडे तोच नट आवळला जातो. जिभेचा वॉशर नसेल तर डावा नट फक्त स्प्लिट पिनेच्या भरवशावर राहील.

*

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी आतल्या बाजूबद्दल लिहितो, कारण जास्त चुका तिथे होतात.

ॲक्सल कुठे किती वाकतो ते आधी बघा. चाकाच्या बाहेर उरलेल्या टोकावर वाक शून्य असतो, कारण त्याच्यापुढे भारच नाही. तिथे भोक पाडा, खाच पाडा, काही बिघडत नाही. हबच्या आत वाक वाढत जातो आणि पायापाशी सर्वांत जास्त होतो. दोन्ही चाकांवर सारखा भार असेल तर दोन पायांच्या मधल्या सगळ्या लांबीत तो तेवढाच राहतो. म्हणजे हबच्या आतल्या तोंडापासून पलीकडच्या हबपर्यंत ॲक्सलला हात लावायचा नाही. कड्याचं वेल्डिंग तिथे नकोच. वेल्डच्या कडेला धातूचा पोत बदलतो, आणि तडा जायला तीच जागा लागते.

तुमच्या मापांवर गणित करून बघितलं. चाकाच्या मध्यापासून पायापर्यंत १३० मिमी धरले आणि उतरताना वजनाच्या तिप्पट भार धरला, तर एका चाकावर ६७५ किलो येतात. ३ मिमी जाडीच्या नळीत ताण सुमारे ३२० मेगापास्कल. नॉर्मलाइज केलेली (तापवून हवेत थंड केलेली) ४१३० नळी एवढं सोसते. पण हाच सगळा भार एका चाकावर आला तर ताण दुप्पट होतो आणि नळी वाकून तशीच राहते. तुम्ही आतून घट्ट बसणारी ३२ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची नळी घाला. तोच आकडा ३२० वरून २३० च्या खाली येतो. आतल्या नळीचं टोक सरळ कापू नका, माशाच्या तोंडासारखं कापा, म्हणजे जाड-बारीकचा बदल एका रेषेवर येत नाही.

आतली कॉलर आवळायचीच ठेवा, फक्त लांब करा, ४० मिमी तरी, दोन बोल्टची. ती आणि पाय यांच्यामध्ये थोडी फट राहू द्या, कारण ॲक्सल खाचेत वर-खाली होणार आहे. समजा कधी कॉलर सरकलीच, तर हब पायाला घासेल, आवाज येईल. बाहेरचा अडसर गेला तर चाकच जाईल. म्हणून दुहेरी बंदोबस्त बाहेर हवा: जिभेचा वॉशर, त्याच्यापुढे आरपार ६ मिमीचा विमानाचा बोल्ट, कॅसल नट (माथ्यावर खाचा असलेला), आणि नटाला स्प्लिट पिन. बोल्टचं भोक टोकापासून निदान १२ मिमी आत घ्या. नळीच्या टोकात गोल ठोकळा बसवून मग भोक पाडा, नाहीतर नट आवळताना नळी चेपते.

*

प्रतिसाद ३

बुश राहू द्या. ताशी ६५ किमी वेगानं उतरलात तर तुमचं चाक मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेईल, आणि ३८ मिमी व्यासावर घसरण्याचा वेग होतो सेकंदाला १ मीटर. तोही काही सेकंदच. ग्रीस लावलेल्या ब्राँझला हे जड नाही. बुशमध्ये दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ मिमी सैलाई असू द्या आणि ग्रीस जायला आतून एक चर पाडा.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. हबच्या दोन स्पोक-चकत्यांमध्ये अंतर किती आहे? मोटरसायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा भार जवळपास येत नाही. विमान आडव्या वाऱ्यात तिरकं टेकलं की सगळा धक्का आडवा. स्पोक उभे असतील तर रिम मुडपते. ब्लेरिओनं १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली त्या विमानाची मुख्य चाकं म्हणूनच तिरकं टेकल्यावर आपोआप वळतील अशी बसवलेली होती. तुमची तशी नाहीत, तेव्हा सगळा आडवा भार स्पोकनाच घ्यायचा आहे.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पिन का तुटली हे कळल्यावर खरंच हायसं वाटलं.

स्पोक-चकत्यांमधलं अंतर १२५ मिमी आहे. हब नवाच करायचा होता, म्हणून हे अंतर जमेल तेवढं मोठं ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात बाहेरची बाजू पूर्ण बदलली: खाच, दाताचा वॉशर, ब्राँझची चकती, ठोकळा, बोल्ट. चाकाला आडवी हालचाल अर्धा मिमी ठेवली आहे. दोन्ही चाकं उचलून प्रत्येकी दोनशे फेरे हातानं फिरवले. वॉशरच्या बाहेरच्या अंगाला निळी शाई लावली होती, ती जशीच्या तशी आहे. ब्राँझच्या चकतीवर मात्र सगळीकडे सारखी घासलेली खूण दिसते, म्हणजे जिथे घासायला हवं तिथेच घासतं आहे. आतली नळी मागवली आहे, ती बसेपर्यंत विमान हलवणार नाही.

एक अडचण उरली. चाकांवर कापडी झाकणं चढवायची आहेत. ती चढवली की कॅसल नट आणि पिन दिसेनाशी होते, आणि उडण्याआधी दर वेळी पिन डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला बसायचं नाही. मध्यभागी हाताच्या पंजाएवढं गोल भोक ठेवून त्यावर बटणाची चकती लावावी असं मनात आहे. भोकाच्या कडेला कापड फाटू नये म्हणून आतून काय लावता? ॲल्युमिनियमचं कडं, की कापडाचाच दुहेरी पट्टा? ज्यांनी केलं असेल त्यांनी फोटो टाकला तर फार मदत होईल.